ताटं कोणी भरली

४ जानेवारी

धाकू,

तुझं पुस्तक वाचलं. तू पाठवलं नाहीस, तू कशाला पाठवशील. वाचनालयात आलेल्या नव्या गठ्ठ्यात होतं. ग्रंथपाल ते हातात नाचवतच मागच्या अंगणात आले. "मोठ्या बाई, हे बघा! आपल्या शनिवारच्या वर्गासाठी अगदी मापानं शिवल्यासारखं आहे." हे ग्रंथपाल नवे आहेत, तुझं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नाही. 'मातीत हात: मुलांसाठी चाळीस रोपप्रयोग.' मुखपृष्ठावरची ती वाकडी मान केलेली घेवड्याची वेल बघितली आणि मला कळलं, ही कोणाच्या हातची रेघ आहे ते. उभ्या उभ्या चाळलं. मग तिथंच पालथ्या बादलीवर बसले.

पान चौदा. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडोसे लावायचे, एका टोकाला भोक पाडायचं, दुसऱ्या टोकाला घेवड्याचं रोप ठेवायचं, की वेल आडोशांना वळसे घालत उजेडाकडे जाते. कोणाचं आहे हे? बाबांच्या बुटांचं खोकं होतं. तू तेव्हा सात वर्षांची होतीस आणि रोज सकाळी झाकण उघडून बघायचीस मेली, त्यामुळे वेलीला उजेड भलत्याच बाजूनं मिळाला आणि ती झाकणाकडे गेली. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. ते काही पुस्तकात नाही.

पान सव्वीस, फांदीला पिशवी बांधून झाडाचा घाम मोजायचा. माझं. पान तेहतीस, पांढऱ्या फुलाचा देठ मधोमध चिरून एक पाय लाल शाईत, एक पाय निळ्या शाईत. माझं. पानाच्या मागच्या बाजूला नखरंग लावून, वाळल्यावर चिकटपट्टीनं त्याचा ठसा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पानाची तोंडं बघायची, ती युक्ती तुझी. ते मी मान्य करते. मी कोणाचं लाटत नाही.

आणि प्रस्तावनेत काय लिहिलं आहेस? "यातले काही प्रयोग घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडे बघत बघत शिकले." वडीलधारी व्यक्ती! जशी काही मी भिंतीवर हार घालून टांगलेली आहे. तुझ्या वेण्या घातल्या, तुझं पाठांतर घेतलं, आई गेल्यावर तुझ्या तापात उशाशी बसले, त्याचं हे एवढं झालं? ताई हा दोन अक्षरांचा शब्द छापायला शाई संपली होती का तुझी?

पान नऊ सर्वांत शेवटी वाचलं. चौकटीतलं. "मुलांपुढे बिया ठेवण्याआधी मोठ्यांनी प्रत्येक बी स्वतः ओळखावी. एरंड, कण्हेर, धोतरा यांच्या बिया वर्गात आणूच नयेत." हे तू कोणाला उद्देशून लिहिलं आहेस ते कळण्याइतकी अक्कल मला अजून आहे. अकरा वर्षांनी, छापून, चौकट करून. पण जगाला उपदेश करण्याआधी आठव, जे झालं ते तुझ्या वर्गात झालं. समोर तू होतीस. मी नव्हते.

पत्ता प्रकाशकाकडून मिळवला. उत्तर देणार असशील तर दे. पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त करता येते, एवढंच सांगायला लिहिलं.

ताई


१९ जानेवारी

धाकू,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहिते आहे, कारण एक बातमी आहे आणि ती तुझ्या फायद्याची आहे.

काल वर्गात मातीच्या बाटल्या होत्या. हल्ली मुलं कमी येतात, नऊ जणांच्या वर कधी जात नाहीत, आणि त्यातली तीन आईबाप बाजारात जाताना सोडून जातात म्हणून येतात. बाटलीत माती, वर पाणी, झाकण लावून खदाखदा हलवायचं आणि थर बसेपर्यंत थांबायचं. थांबणं कोणाला जमतं? एक जण म्हणतो, "बाई, वाळू बसली, मी जाऊ?" मी म्हटलं, चिकणमातीला बसायला उद्यापर्यंत वेळ लागेल. तर म्हणतो, "मग मी उद्या तिचं अभिनंदन करतो." तू असतीस तर हसली असतीस आणि त्याला बसवूनही ठेवलं असतंस. मी त्याला हात धुवायला पाठवलं.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. मुलगी कसली, बाई. उंच, किडकिडीत, नखांत माती. "ओळखलंत का मोठ्या बाई?"

मी चेहऱ्याकडे बघत राहिले आणि मग तिच्या हाताकडे बघितलं. डाव्या अंगठ्यावर तोच जुना चट्टा. चवळी.

आपण तिला चवळीची शेंग म्हणायचो ना, तीच. एकवीस वर्षांची झाली. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत कलमं बांधते. तिथला मालक म्हणे तिच्या हातचं कलम दगावत नाही म्हणून गिऱ्हाइकांना तिचंच नाव सांगतो. तब्येत ठणठणीत दिसली. हे मुद्दाम सांगते, तुला वाटत असेल तर.

मुलं गेल्यावर ती बाटल्या विसळायला थांबली. पाठ माझ्याकडे होती. तशीच बोलली.

"धाकट्या बाई कुठं असतात?"

"लांब."

"मला त्यांना भेटायचंय. आई त्यांना दवाखान्यात नको नको ते बोलली. त्यांनी माझ्यासाठी चित्र काढून आणलं होतं, ते तिनं त्यांच्या अंगावर भिरकावलं. मी खाटेवरून बघत होते. आणि तेव्हाही मी काही बोलले नाही."

"तू दहा वर्षांची होतीस, आजारी होतीस. तू काय बोलणार?"

"खरं." तिनं नळ बंद केला. "त्या दिवशी धाकट्या बाईंनी त्या ठिपक्याठिपक्यांच्या बिया बघितल्या आणि ओरडल्या, सगळ्यांनी हात वर करा, कोणी तोंडाला लावायच्या नाहीत. सगळ्या परत गोळा केल्या त्यांनी. मोजल्या. मी दोन मुठीत ठेवल्या होत्या. इतक्या सुंदर होत्या, बाई, पॉलिश केल्यासारख्या. घरी जाऊन चावून बघितल्या. म्हणजे चूक माझी आहे. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली."

मी काय सांगणार? म्हटलं, "जाऊ दे. लहान होतीस. झालं गेलं."

ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही असं म्हणालात, बरं वाटलं," आणि पुढच्या शनिवारपासून वर्गाला मदत करायला येऊ का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

तर असं आहे. तुला इतकी वर्षं जे वाटत होतं ते तसं नव्हतं. दोष पोरीचा होता, ती स्वतःच्या तोंडानं सांगते आहे. तू तर बिया गोळासुद्धा केल्या होत्यास, हे मला कुठं माहीत होतं? तू त्या वेळी सांगितलं का नाहीस? आता तरी मन मोकळं कर आणि दोन ओळी लिही.

ताई


२ फेब्रुवारी

धाकू,

मागचं पत्र टाकल्यापासून मी ते मनातल्या मनात कितीदा वाचलं. त्यात एक वाक्य आहे, "हे मला कुठं माहीत होतं?" ते खोटं आहे. त्या दिवशी संध्याकाळी तू घरी येऊन सगळं सांगितलं होतंस. मी ओट्याशी उभी होते, तू दाराला टेकून. बिया मोजल्या, दोन कमी आहेत, म्हणालीस. मी म्हटलं, मोजण्यात चुकली असशील.

चवळी दर शनिवारी येते. मुलं तिच्यामागे चुंबकाला टाचण्या लागाव्यात तशी फिरतात. काल तिनं त्यांना कलम बांधायला शिकवलं, खरा चाकू हातात देऊन. मी मलमपट्टी हाताशी घेऊन बसले होते, पण एकालाही कापलं नाही. मात्र ताटातल्या बिया ओळखायचा खेळ आला की तिचा रंग बदलतो. ताटात किती ठेवल्या ते पाटीवर लिहिते, उठताना परत मोजते, मुलांच्या मुठी उघडून बघते, खिसे उलटे करायला लावते. आणि मग हात धुते. किती धुते, धाकू! बोटांच्या पेरांवरची कातडी फुटली आहे तिची. घरी भाजी निवडायलाही बसत नाही म्हणे, दाण्यांना हात लावला की पोटात कळ येते. दवाखान्यातले ते नऊ दिवस तिच्या अंगातून गेलेलेच नाहीत.

काल हात पुसता पुसता तिनं विचारलं, "बाई, एक गोष्ट मला कळत नाही. त्या दिवशी धाकट्या बाई स्वतःशीच म्हणाल्या होत्या, ही एरंडाची बाटली खाली कशी आली? मला नीट आठवतंय. मग ती खाली कशी आली?"

"एवढं जुनं मला आठवत नाही," म्हटलं मी.

मला आठवतं. तुलाही माहीत आहे. दोघींना माहीत असलेली गोष्ट अकरा वर्षं कोणी कोणाला सांगितली नाही, तर आज मी सांगते. तू फक्त वाच.

त्या आठवड्यात पालकांची सभा झाली होती. एका पाठोपाठ एक उठून तुझं कौतुक करत होते. धाकट्या बाई अशा, धाकट्या बाई तशा, आमचा मुलगा घरी पानांची चित्रं काढतो. वर्ग मी काढला, जागा मी मागून घेतली, वाफे माझ्या हातांनी खणले, आणि मी दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत बसले. नंतर मी मुलांना एरंडाच्या बिया दाखवते म्हटलं, बीच्या पोटातला अन्नसाठा तिच्यात जितका छान दिसतो तितका कशातच दिसत नाही. तू मुलांदेखत म्हणालीस, "ताई, नको. तुला झाडं कळतात, मुलं कळत नाहीत." पोरं खिदळली. तू ती बियांची बाटली सर्वांत वरच्या फळीवर ठेवलीस आणि पुढं विषयच काढला नाहीस. तुझ्या दृष्टीनं ते तिथंच संपलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी ताटं भरायला गेले. मूग, मका, वाटाणा, भोपळा, सूर्यफूल. मग स्टूल ओढलं, वर चढले आणि बाटली काढली. प्रत्येक ताटात चार चार. वर्ग माझा आहे, बाटली माझी आहे, असं तोंडानं बोलत होते, एकटीच. शिकवायचं होतं म्हणून नव्हे, धाकू. तुला दाखवायचं होतं म्हणून. शनिवारी स्वतः समोर उभी राहून मी तो पाठ घेणार होते.

आणि शनिवारी सकाळी डोकं दुखतं म्हणून तुला पुढं पाठवलं. डोकं दुखत नव्हतं. फुगून बसले होते. बघू दे, एकटीला किती जमतं ते, असं वाटत होतं. वाचनालयाच्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते मी, तुझ्यापासून वीस पावलांवर. तुझं ते ओरडणं मला ऐकू आलं होतं. मी पान उलटलं.

पुढचं तू बघितलंस. वाचनालयाच्या समितीची बैठक, ते लांब टेबल. अध्यक्षांनी विचारलं, "ताटं कोणी भरली?" माझी मुख्याध्यापिका व्हायची ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती. मी म्हटलं, "त्या दिवशी वर्ग धाकटी घेत होती." खोटं एक अक्षर नाही त्यात. इतकी वर्षं मी त्या वाक्याला धरून उभी आहे. तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस, मला सांगता येणार नाही. मग तू अध्यक्षांना म्हणालीस, "हो. वर्ग मीच घेत होते."

का म्हणालीस? मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. तू तिथं बोट दाखवलं असतंस तर मी भांडले असते, कदाचित हरले असते, आणि संपलं असतं. तू वाचनालयाच्या बालविभागातली नोकरी सोडलीस, पंधरा दिवसांत सामान बांधलंस आणि मला असं ठेवून गेलीस. मोठ्या मनाची तू. मी रोज ते ताट पुढं घेऊन बसायचं.

महिनाअखेरीला वाचनालय माझा सत्कार करणार आहे, वर्गाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. बागेला माझं नाव द्यायचं आहे, पाटी रंगवायला गेली. चवळी म्हणते, त्या दिवशी मी उभी राहून सगळ्यांना सांगणार, चूक माझी होती, धाकट्या बाईंची नव्हती. कागदावर लिहून काढलं आहे तिनं. मला वाचून दाखवलं. मी 'घाई करू नकोस' म्हणाले.

ताई


१ मार्च

धाकू,

सत्कार काल झाला. कसा झाला ते सांगते.

आठ दिवस आधी मी अध्यक्षांकडे गेले होते. तेच अध्यक्ष आहेत अजून, आता ऐकायला कमी येतं. आपल्या दुकानात मागच्या खोलीत बसले होते. मी सगळं सांगितलं, मोठ्यानं, दोनदा सांगावं लागलं. ताटं मी भरली होती. वर ठेवलेली बाटली मी काढली होती. बहिणीची काही चूक नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, या वयात असं होतं. जुनं काहीतरी मनाला लागून राहतं."

"लागून राहिलेलं नाही. घडलेलं आहे."

"असेल. पण पोरगी जिवंत आहे, तुमची बहीण तिकडे सुखात आहे, पुस्तकबिस्तक लिहिते म्हणता. पाटी रंगवून आली, पाहुण्यांना आमंत्रणं गेली. आता हे कोणाला हवंय?" आणि माझ्यासाठी सरबत मागवलं.

मी सरबत प्यायले आणि घरी आले. खोटं सांगत नाही, पायऱ्या उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, त्याला मी काय करणार? ही सबब आठ दिवस मी उबेला घेऊन झोपले.

काल मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. वाफ्यांच्या कडा चुन्यानं रंगवलेल्या, पाटीवर कापड. पन्नासेक माणसं असतील. पहिल्या वर्गातली मुलं आली होती, एकाला टक्कल पडलं आहे आणि त्याची मुलगी आता आपल्या वर्गात आहे. भाषणं झाली. माझ्यामुळे म्हणे या गावातल्या दोन पिढ्यांना मातीचा वास कळला. मग चवळी उठली. हातात तो कागद. तिच्या पेरांवरच्या चिरा मला व्यासपीठावरून दिसत होत्या.

"मला मोठ्या बाईंविषयी नाही, धाकट्या बाईंविषयी बोलायचंय," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी मी एक चूक केली..."

"बस, चवळी," मी म्हटलं.

तिला वाटलं, मी तिला वाचवते आहे. मान हलवून पुढं वाचायला लागली. मग मी उठून ध्वनिक्षेपकाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "हिची चूक नाही. माझ्या बहिणीचीही नव्हती. त्या दिवशीची ताटं मी भरली होती. बहिणीनं नको म्हटलेल्या विषारी बिया मी मुद्दाम त्यात ठेवल्या. समितीनं विचारलं तेव्हा मी बहिणीचं नाव पुढं केलं."

अध्यक्ष घाईघाईनं उठून म्हणाले, "बाईंना भरून आलंय, वय झालं, आपण चहा घेऊ या." मी म्हटलं, "मला भरून आलेलं नाही." पहिल्या रांगेतल्या एका आईनं तिच्या मुलीचा हात धरला आणि उठली. मग तिच्या शेजारची उठली. ग्रंथपाल हातातल्या हाराकडे बघत होते, त्याचं काय करावं ते त्यांना समजेना. टक्कल पडलेला तो आपला जुना विद्यार्थी जाताना माझ्याजवळ थांबला, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग मुलीला घेऊन निघून गेला. चहा झाकून ठेवला होता तसाच राहिला.

एकच मुलगी रेंगाळली, मातीच्या बाटलीचं 'अभिनंदन करतो' म्हणणाऱ्या त्या पोराची बहीण. तिला घ्यायला अजून कोणी आलं नव्हतं. म्हणाली, "बाई, मग पुढच्या शनिवारी वाटाणे पेरायचे की नाही?"

चवळी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होती. सगळ्या ठेवून झाल्यावर आली.

"मी पहिल्या दिवशी आले, तुम्हाला सगळं सांगितलं. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मी रडले तेव्हाही?"

"हो."

"तुम्ही मला म्हणालात, जाऊ दे, लहान होतीस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाई, तुम्ही मला माफ केलंत. तुम्ही! आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं, की मोठ्या बाईंनी मला माफ केलं. आई म्हणाली, देवमाणूस आहे."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं दोन्ही हात मागं घेतले. तुझा पत्ता मागितला. दिला.

मला यात मोठेपणा नको आहे, म्हणून तुला सांगते. मी बोलले ते धैर्यानं नाही. तिच्या हातातला तो कागद आणखी एक ओळ पुढं गेला असता तर मी गप्प बसून राहिले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून धावले.

ताई


२३ मार्च

धाकू,

समितीचं पत्र आलं. 'तूर्त आपण विश्रांती घ्यावी.' तूर्त म्हणजे कायमचं, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळतं. अंगणाच्या दाराला नवं कुलूप लावलं आहे. पाटी कापडासकट आत नेऊन ठेवली म्हणे. तुझ्याबद्दल काही लिहिलं का, म्हणून मी दोनदा उलटसुलट करून बघितलं. काही नाही. जुन्या नोंदी बदलायची त्यांच्याकडे पद्धत नाही, असं ग्रंथपालांनी सांगितलं. मी अर्ज दिला आहे. परत देईन. मरेपर्यंत देत राहीन, तेवढा वेळ आता माझ्याकडे आहे.

रस्त्यात लोक ओळख दाखवत नाहीत असं नाही. दाखवतात, आणि मग चप्पल तुटल्यासारखं खाली बघतात.

वर्ग तीन आठवडे बंद होता. त्यांना दुसरं कोणी मिळेना, म्हणून त्यांनी चवळीला विचारलं. तिनं आधी नाही म्हटलं आणि मग अट घातली, की बियांच्या खेळाच्या वेळी दोन मोठी माणसं हजर हवीत, आणि त्यातलं एकही मी नको. दुसरी अट ग्रंथपालांनी खाली मान घालून सांगितली. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं.

आज सकाळी ती माझ्याकडे आली. सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगांची कार्डं न्यायला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मी दोन खेपा घालून सगळं तिच्या हातात दिलं. पेरं थोडी भरून आली आहेत, मला तेवढंच बघायला मिळालं. जाता जाता वळली.

"धाकट्या बाईंचं पत्र आलं मला."

मी दाराची चौकट धरली. "काय म्हणते?"

"चार पानं आहेत. माझी आहेत ती." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुट्टीत मला तिकडे बोलावलंय. महिनाभर. त्यांच्या बागेत कलमं शिकवायला. मी जाणार आहे."

"जा. आणि माझ्याबद्दल?"

"शेवटी एक ओळ आहे."

"वाच."

तिनं पिशवीतून पत्र काढलं. तुझं अक्षर मला इतक्या लांबून दिसलं, अजून तसंच आहे, ओळ संपायच्या आत वर चढणारं. तिनं आधीची पानं मागं दुमडून धरली, मला दिसू नयेत म्हणून, आणि वाचलं, "ताईला सांग, पाकिटाला इतका डिंक फासत जाऊ नकोस. उघडताना आतला कागद फाटतो."

"आणि?"

"एवढंच आहे," चवळी म्हणाली, आणि जिना उतरून गेली. कार्डांचं खोकं तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

मी तेव्हापासून टेबलाशी बसले आहे. आणखी काही विचारणार नाही, तू क्षमा केलीस का, करशील का, काही नाही. तो शब्द वापरायची मला लाज वाटते.

डिंक लावलेला नाही. झाकण नुसतं आत खोचलं आहे.

ताई